पैसे भरायच्या आधी साइटची जन्मतारीख बघा

सौर पंपाचे अर्ज सुरू झाले की आमच्याकडं व्हॉट्सअॅपवर लिंकाच लिंका. गावाचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, सोयाबीन भावाचा ग्रुप, सगळीकडं तीच लिंक फिरायलीय आणि खाली लोकं विचारायलेत की साइट खरीय का, मग कुणीतरी ठोकून देतो की वर अशोकस्तंभ आहे, पंतप्रधानांचा फोटो आहे, म्हणजे सरकारीच असणार. अरे बाबांनो, फोटो कुणालाही चिकटवता येतो! ब्राउजरमधल्या कुलुपाचंही तेच. ते कुलूप ज्यामुळं दिसतं ते सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट देते, आणि त्या कुलुपाचा अर्थ इतकाच की तुमच्या आणि साइटच्या मधे कुणी डोकावत नाही, पलीकडं चोर बसलाय का साव हे ते सांगत नाही. क्रोमनं तर २०२३ मध्ये ते चिन्हच काढून टाकलं.

मग बघायचं काय? ते डोमेन, म्हणजे साइटचं डॉट कॉम, डॉट इन वालं नाव, कधी घेतलंय ते बघायचं.

रेणापूरकडचे माझे मावसभाऊ, चार एकर रान, पाच एचपीत बसतात. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि एससी-एसटीला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि घोळ तिथंच होतो बघा, पैसे तर भरायचेच आहेत हे डोक्यात असतं त्यामुळं कुणी 'रजिस्ट्रेशन फी' मागितली तरी वावगं वाटत नाही. रात्री फोन आला, "उद्यापर्यंत भरलं नाही तर नंबर जाईल म्हणायलेत, भरू का?" म्हणलं दादा, थांबा जरा, आधी लिंक पाठवा मला. बघितलं तर ते डोमेन घेऊन पंधरवडाही झाला नव्हता. केंद्राची सौर पंपाची योजना पीएम-कुसुम २०१९ मध्येच सुरू झाली, तिची सरकारी साइट या महिन्यात जन्माला येईल का? दादांना बाकी काही समजावून सांगावं लागलं नाही, तारीख वाचून दाखवली तेवढ्यात ते समजले.

हे बघायला अॅप लागत नाही, पैसे लागत नाहीत, कॉम्प्युटरही लागत नाही. याला हू-इज म्हणतात. डॉट कॉम, डॉट ऑर्ग असेल तर मोबाइलमध्ये लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग उघडायचं, डॉट इन असेल तर रजिस्ट्री डॉट इन वरचं हू-इज, ते आपल्या देशात डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेचं आहे. लिंकमधलं फक्त मुख्य नाव टाकायचं, पुढची तिरपी रेघ आणि त्यामागचं सगळं सोडून द्यायचं. क्रिएशन डेट म्हणजे डोमेन कधी घेतलं, एक्स्पायरी म्हणजे कधीपर्यंत पैसे भरलेत, रजिस्ट्रार म्हणजे कोणत्या कंपनीकडून घेतलं. वेळ आपली नसते बरं का, शेवटी झेड दिसला तर त्यात साडेपाच तास मिळवा.

आणि मालकाचं नाव? ते बहुतेक वेळा दिसत नाही आणि लोकं तिथंच हिरमुसून पान बंद करतात. सातबाऱ्यावर नाव कुणालाही बघता येतं, इथं त्या जागी 'रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी', म्हणजे खासगी म्हणून झाकलंय, असं लिहिलेलं असतं. पहिल्यापासून असं नव्हतं. १९८२ मध्ये हू-इजचे नियम पहिल्यांदा कागदावर आले तेव्हा इंटरनेटच्या जागी अर्पानेट होतं, आणि ते वापरणाऱ्या प्रत्येकानं नाव, पत्ता, फोन नोंदवावा अशी अपेक्षा होती, एकमेकांना शोधता यावं म्हणून. पुढं डोमेन विकायला लागले तरी नाव-पत्ता उघडाच राहिला, आणि नवीन डोमेन घेतलं की 'साइट बनवून देतो' म्हणणाऱ्यांचे फोन सुरू. मे २०१८ मध्ये लोकांची खासगी माहिती जपणारा युरोपचा जीडीपीआर कायदा लागू झाला, तेव्हा जगभरच्या डोमेनांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेनं नियम बदलले आणि नावं झाकली गेली. २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी जुन्या हू-इजची सक्तीही संपली, आता आरडॅप नावाची नवी पद्धत आहे, लोकं मात्र अजून हू-इजच म्हणतात. नावं झाकली ते मला तरी योग्यच वाटतं. एखादी बाई घरबसल्या पापड-मसाल्याची साइट काढते, तिच्या घरचा पत्ता जगानं का बघावा? आणि चोर काही खरं नाव थोडंच देणार होता. तारीख मात्र तो स्वतः लिहीत नाही, ती डोमेनांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीकडं आपोआप पडते, म्हणून माझा भरवसा नावापेक्षा तारखेवर जास्त आहे.

तारीख जुनी निघाली म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका पण. डोमेनचे पैसे भरायचे राहिले की ते हातातून जातं. सुटून परत नव्यानं घेतलं गेलं तर तारीख नवी पडते, पण सुटायच्या आधीच लिलावात दुसऱ्याकडं गेलं तर जुनीच राहते. म्हणजे दहा वर्षं जुनी तारीख आणि मालक कालचा, असंही होतं. (ज्यांच्या शाळेची, पतसंस्थेची साइट आहे त्यांनी आपली एक्स्पायरी आजच बघून ठेवा.)

उलटंही होतं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायला सांगितलं, त्यामुळं खऱ्या बँकांची डोमेनंही नवीकोरी दिसतील. तिथं नावाचं शेपूट बघायचं, कारण ते डोमेन आयडीआरबीटी ही एकच संस्था देते आणि फक्त बँकांनाच देते. डॉट गव्ह डॉट इन चंही तसंच, ते सरकारी खात्यांनाच मिळतं.

म्हणून नाव उजवीकडून वाचायची सवय लावा. पीएमकुसुम डॉट एमएनआरई डॉट गव्ह डॉट इन, ही केंद्राची खरी साइट. पण 'गव्ह' आणि 'इन' च्या मधे डॉटच्या जागी डॅश असला की ते कुणीही घेतलेलं साधं डोमेन झालं. केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं अशा मिळत्याजुळत्या नावांच्या खोट्या साइटांबद्दल परत परत सावध केलंय. आता गंमत अशी की महावितरणची खरी साइट महाडिस्कॉम डॉट इन आहे, त्यात गव्ह नाहीच, त्यामुळं 'गव्ह नाही म्हणजे खोटी' हाही नियम चालत नाही. सौर पंपाचं त्यांचं पान महाडिस्कॉमच्याच पोटात आहे, म्हणजे शेवटी महाडिस्कॉम डॉट इन आलं पाहिजे, मधेच कुठंतरी महाडिस्कॉम लिहून शेवट भलताच असेल तर ती त्यांची नाही.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, तासाभरात लावला तर पैसे मधेच कुठल्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता जास्त असते. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, सोबत हू-इजचा स्क्रीनशॉट. हू-इजच्या पानावरच रजिस्ट्रारचा अॅब्यूज म्हणून तक्रारीचा ईमेल असतो, त्यावर लिंक आणि दोन ओळी पाठवायच्या, पैसे गेलेले नसले तरी पाठवायच्या. दादांची लिंक मी तशीच पाठवली होती, काही दिवसांनी परत बघितलं तर स्टेटसमध्ये 'क्लायंट होल्ड' आलं होतं, म्हणजे रजिस्ट्रारनं डोमेन थांबवलं, साइट उघडतच नव्हती.