ऑक्साइडच्या थरावरचं प्लॅटिनम: श्रेय देण्याआधी थर तपासा

इंधनघटाच्या उत्प्रेरकात कार्बनचा आधार सोडून ऑक्साइडवर प्लॅटिनमचे नॅनोकण बसवायचे, त्याचं मूळ कारण टिकाऊपणा. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होण्याचं समतोल विभव जेमतेम ०.२१ व्होल्ट, इंधनघटाचा कॅथोड कायम त्याच्या कितीतरी वर चालतो. प्रक्रिया संथ म्हणून कार्बन तग धरतो, पण घट सुरू-बंद होताना विभव १.४ व्होल्टच्या पुढे गेलं की तो झिजतो आणि कण सुटतात. टायटॅनियम डायऑक्साइडला एवढ्या विभवाने काही होत नाही. इथवर सगळं सरळ आहे. गोंधळ पुढे होतो, ‘ऑक्साइडमुळे सक्रियता बदलली’ असं लिहिताना. पुष्कळदा बदललेली असते ती थरातून इलेक्ट्रॉन जाण्याची सोय.

टायटॅनियम डायऑक्साइड हा एन-प्रकारचा अर्धवाहक. त्याचं फ्लॅट-बँड विभव (ज्याच्या बरंच वर गेलं की पृष्ठभागाजवळचे मोकळे इलेक्ट्रॉन ओसरतात) आरएचईच्या, म्हणजे हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या मोजपट्टीवर शून्याच्या आसपास किंवा खाली, आणि ऑक्सिजन रिडक्शनची (कॅथोडवर ऑक्सिजनचं पाणी होण्याची) सक्रियता आपण मोजतो ०.९ व्होल्टला. तिथे थरात मोकळे इलेक्ट्रॉन जवळपास उरलेलेच नसतात. वीस नॅनोमीटरचा शुद्ध थर असेल, तर वर कितीही चांगलं प्लॅटिनम बसवा, प्रवाह बऱ्याच खालच्या विभवाला सुरू होतो आणि वक्र आडवा पडल्यासारखा दिसतो. यात प्लॅटिनमचा काही दोष नाही. हा अडथळा विभवाप्रमाणे बदलतो, त्यामुळे आयआर दुरुस्तीत (प्रवाह गुणिले रोध एवढं विभव वजा करण्यात) तो वजा करता येत नाही. ती दुरुस्ती द्रावणाच्या रोधापुरतीच.

उपाय दोन. एक तर थर दोन-तीन नॅनोमीटरचाच ठेवायचा, म्हणजे इलेक्ट्रॉन टनेलिंगने, थरातून थेट आरपार, पार होतात. नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये नायोबियम किंवा टिन ऑक्साइडमध्ये अँटिमनी घालून थर वाहक करायचा. टिन ऑक्साइड वापरताना स्कॅन (विभव बदलत नेण्याची फेरी) शून्य व्होल्टखाली नेऊ नये, टिन ऑक्साइड स्वतःच क्षपित होतं (ऑक्सिजन गमावतं). झिंक ऑक्साइड आम्लात विरघळतो, तो विचारातच घेऊ नका.

पातळ थरासाठी अ‍ॅटॉमिक लेयर डिपॉझिशन (वायूंच्या आळीपाळीच्या चक्रांनी थर चढवणं) सर्वांत भरवशाचं. टेट्राकिस-डायमिथिलअमिडो-टायटॅनियम आणि पाण्याची वाफ वापरली तर एका चक्राला साधारण अर्धा अँगस्ट्रॉम, म्हणजे दोन नॅनोमीटरला चाळीसेक चक्रं. शेजारी सिलिकॉनचा तुकडा ठेवून जाडी एलिप्सोमीटरने (परावर्तित प्रकाशावरून जाडी सांगणाऱ्या उपकरणाने) मोजा, चक्रं मोजून गृहीत धरू नका. ग्लासी कार्बनवर (काचेसारख्या घट्ट कार्बनच्या इलेक्ट्रोडवर) सुरुवातीची चक्रं नीट धरत नाहीत, थर बेटाबेटांनी वाढतो आणि मधे छिद्रं राहतात. आधी थोडा वेळ ऑक्सिजन प्लाझ्मा दिला तर फरक पडतो. अ‍ॅनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) हवं म्हणून ४५० अंशांना हवेत तापवणार असाल तर आधारही तसा निवडा: एफटीओ (फ्लोरिन घातलेल्या टिन ऑक्साइडचा वाहक लेप असलेली) काच चालते, आयटीओचा (इंडियम-टिन ऑक्साइडच्या लेपाचा) रोध वाढतो, ग्लासी कार्बनचा पृष्ठभाग जळून खराब होतो.

छिद्रं फार फसवतात. छिद्रात बसलेला कण खालच्या आधाराला थेट टेकतो आणि आपण ऑक्साइडच्या नावाखाली प्लॅटिनम-कार्बनच मोजत बसतो. म्हणून २, ५, १० आणि २० नॅनोमीटर अशी शुद्ध थरांची मालिका कराच. जाडी दसपट झाली तरी ०.९ व्होल्टचा प्रवाह हलत नसेल, तर आनंद नको, छिद्रांचा संशय घ्या. प्लॅटिनम न बसवलेल्या थराची वाहकता फेरिसायनाइडने (इलेक्ट्रॉन सहज घेणाऱ्या-देणाऱ्या संयुगाने) तपासावी, पीएच ७ च्या बफरमध्ये. तिथे त्याचं विभव आरएचईवर ०.८ व्होल्टच्या जवळ येतं. आम्लातलं रुथेनियम हेक्साअमाइन (असंच दुसरं संयुग) या कामाला नको. त्याचं विभव ०.२ व्होल्टच्याही खाली, त्यामुळे ०.९ ला थर बंद आहे की उघडा, याची त्यातून खात्री होत नाही.

धातूचा हिशेब सोपा आहे: एक नॅनोमीटर सरासरी जाडीचं प्लॅटिनम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.१ मायक्रोग्रॅम, सोनं असेल तर १.९. स्पटरिंगने (निर्वात कक्षात धातूचे अणू उडवून बसवण्याच्या पद्धतीने) अर्धा ते एक नॅनोमीटर टाकलं की सलग पापुद्रा न होता कण तयार होतात. नंतर ‘साफ करायला’ म्हणून हायड्रोजनमध्ये ५०० अंशांना तापवू नका. १९७८ साली टॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की असं केल्यावर प्लॅटिनमची हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड धरण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी होते. क्षपित टायटॅनियम ऑक्साइड कणांवर चढून बसतं.

टायटॅनियम असं क्षपित होतं, म्हणून प्लॅटिनमचं पृष्ठफळ मोजतानाही जपावं. प्लॅटिनमवर हायड्रोजन चिकटताना-सुटताना वक्रावर येणाऱ्या शिखराखालचा विद्युतभार (दर चौरस सेंटिमीटरला २१० मायक्रोकूलॉम) ऑक्साइडवर फुगू शकतो, कारण त्याच विभवाला टायटॅनियमही थोडं क्षपित होतं. कार्बन मोनॉक्साइड स्ट्रिपिंग (चिकटवलेल्या कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडीकरण करून विद्युतभार मोजणं, ४२० मायक्रोकूलॉम) बरं. दोन्ही करा, आकडे जुळले नाहीत तर तीही माहितीच आहे.

मोजणी ऑक्सिजनने संपृक्त ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्लात, फिरत्या चकतीच्या इलेक्ट्रोडवर, १६०० आरपीएमला, सेकंदाला २० मिलिव्होल्ट वेगाने, खालून वर. चार इलेक्ट्रॉनांची प्रक्रिया असेल तर मर्यादा-प्रवाह (ऑक्सिजन पोचण्याच्या वेगाने ठरणारा कमाल प्रवाह) दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिअँपिअरच्या जवळ यायला हवा. नायट्रोजनमधला स्कॅन वजा करायला विसरू नका: एवढ्या कमी धातूवर ऑक्साइडची धारिता (नुसता विद्युतभार साठण्याचा प्रवाह) ठळक दिसते. गतिज प्रवाह (उत्प्रेरकाचा स्वतःचा) म्हणजे मोजलेला प्रवाह गुणिले मर्यादा-प्रवाह, भागिले त्या दोघांतला फरक. पण मर्यादेचं पठार सपाट आलंच नसेल तर हे सूत्र वापरू नये.

प्रवाह ६ ऐवजी ४.५ वर अडकला तर कण विरळ असण्याची शक्यता मोठी. विरळ कणांवर तयार झालेला हायड्रोजन पेरॉक्साइड दुसरा कण भेटण्याआधीच द्रावणात निसटतो. चकतीभोवतीच्या रिंग-इलेक्ट्रोडवर (१.२ व्होल्ट) तो दिसतो, आणि ‘या ऑक्साइडवर दोन इलेक्ट्रॉनांचा मार्ग चालतो’ असा निष्कर्ष छापला जातो. त्याच थरावर धातू दुप्पट, चौपट करून पाहा. पेरॉक्साइड झपाट्याने उतरला तर ऑक्साइडचा त्यात हात नव्हता.

सोन्याचे कण तपासत असाल तर काउंटर इलेक्ट्रोड (प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण करणारा दुसरा इलेक्ट्रोड) प्लॅटिनमचा नको, ग्रॅफाइटचा घ्या आणि तोही काचेच्या फ्रिटमागे (सच्छिद्र काचेच्या पडद्यामागे). प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून सोन्यावर येऊन बसतं आणि चक्रागणिक सोनं ‘सुधारत’ जातं. विभव मोजण्याचा संदर्भ इलेक्ट्रोडही क्लोराइडचं द्रावण असलेला नको. त्याची किंचित गळती झाली तरी प्लॅटिनमची सक्रियता ढासळते.