अ‍ॅस्टली कॅसलमध्ये मुक्काम

इंग्लंडात वॉरिकशायरमध्ये अ‍ॅस्टली कॅसल आहे, तिथे आम्ही सगळ्यांनी मिळून राहून आलो आणि मी अजून त्याच घराबद्दल बोलतेय. मूळ जागा बाराव्या शतकापासूनची, भोवती खंदक, पुढे कधीतरी हॉटेल झालं आणि १९७८ मध्ये आग लागून नुसत्या भिंती उरल्या. लँडमार्क ट्रस्ट म्हणून संस्था आहे, जुन्या वास्तू वाचवून सुट्टीसाठी भाड्याने देते, तिने तो हातात घेतला.

आता खरी गंमत सांगते, त्यांनी जुनं होतं तसं परत बांधलंच नाही! पडक्या भिंतीला थेट नवीन पातळ विटा जोडल्यात, जुना दगड कुठे संपला आणि वीट कुठे सुरू झाली ते बोट फिरवून कळतं. बेडरूम खाली आणि हॉल-किचन वर, त्यामुळे सकाळचा चहा घेताना मोठ्या खिडक्यांतून शेजारचं चर्च दिसतं. काही खोल्यांना तर छप्परच नाही, वर नुसतं आभाळ, तिथे बसून जेवता येतं. मला हे फार पटलं, आग लागली होती हे लपवलं नाहीये कुठेच. २०१३ चं स्टर्लिंग प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं वास्तुकलेचं मोठं बक्षीस, उगाच नाही मिळालं.

टीव्ही नाही, त्यामुळे रात्री पत्ते आणि गप्पा. आठ जण राहू शकतात, भाडं वाटून घ्या, पण बुकिंग खूप आधी करा.