माकड आपलं नाही, राजेहो

इंग्लंडच्या रेसकोर्सवर भारतीय चेहरा दिसला की कुणीतरी एक माहिती हमखास पुरवतो. इथे ५०० पाउंडांना 'मंकी' म्हणतात आणि २५ पाउंडांना 'पोनी', अन् हे दोन्ही शब्द म्हणे तुमच्याच देशातून आले, कारण तुमच्या जुन्या नोटांवर माकड आणि तट्टू होतं! आपली माणसंही हे कौतुकाने नागपूरला फोनवर सांगतात. राजेहो, नका सांगू. माकडाची अशी नोट आजवर कुणी समोर ठेवलेली नाही. सरकारी कागदी चलन १८६१ च्या कायद्याने आलं आणि त्या पहिल्या नोटांवर व्हिक्टोरिया राणी होती. 'मंकी' तर त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडच्या जुगाऱ्यांच्या तोंडी होता. दुसऱ्याचं माकड आपल्या खांद्यावर घेण्यात कसला अभिमान?

घोड्यांच्या जगाला आपल्याकडून खरंच गेलेला शब्द आहे जिमखाना. आपल्याला त्यावरून टेनिस, क्रिकेट, क्लबाचा व्हरांडा आठवतो. इथे जिमखाना भरतो तो तट्टांवर बसलेल्या लेकरांच्या खेळांचा. सांगायचंच असेल तर हे सांगा.

पैजेच्या भावांची भाषा मात्र इंग्रजांची स्वतःची, आणि कान देऊन ऐकावी अशी. ३/१, म्हणजे एकाला तीन, हा 'कार्पेट', ३३/१ म्हणजे 'डबल कार्पेट'. फोर उलटा करून 'रूफ', टेन उलटा करून 'नेट'. काही भाव तर अंगावरच बसवलेत: ५/४ 'रिस्ट', ७/४ 'शोल्डर', ९/४ 'टॉप ऑफ द हेड'. ही नावं टिकटॅकमधली. पांढरे हातमोजे घातलेला माणूस उंचावर उभा राहून लांबच्या बुकीला खुणा करायचा. उजवा हात डाव्या मनगटावर गेला की ५/४, दोन्ही हात डोक्यावर गेले की ९/४, हातांची घडी घालून पंजे छातीवर सपाट टेकवले की ३३/१. आपली करपल्लवीच ही! फक्त बैलबाजारातला दलाल दुपट्ट्याखाली बोटं दाबून सौदा करतो, तिथे हातच दिसत नाही. इथे हात अख्ख्या मैदानाला दिसायचे, अर्थ तेवढा कळायचा नाही. मोबाइल आले आणि हातमोजे गेले. शब्द राहिले.

नागपूरहून आलेला पाहुणा अडकतो तो 'ईच वे'मध्ये. 'दहा पाउंड ईच वे' म्हटलं की वीस मोजावे लागतात, कारण पैजा दोन असतात: दहा विनवर (घोडा पहिला येण्यावर), दहा प्लेसवर (पहिल्या काही नंबरांत येण्यावर). आठ किंवा जास्त घोडे धावणार असतील तर साधारणपणे पहिले तीन प्लेसमध्ये धरतात आणि विनच्या भावाचा पाचवा हिस्सा देतात. भाव १०/१ असेल तर प्लेसला २/१. घोडा दुसरा आला तर विनचे दहा बुडाले, प्लेसचे मुद्दलासकट तीस हाती आले, फायदा दहाचा. आता ४/१ चा घोडा घ्या. प्लेसचा भाव होतो ४/५, म्हणजे दुसरा आला तर हाती अठरा. घोडा आला आणि तरी दोन पाउंड गेले! इथेच लोक बुकीशी हुज्जत घालतात, पण हिशेब त्याचाच बरोबर असतो. पाच ते सात घोडे असतील तर पहिले दोनच धरतात, चार असतील तर प्लेस नाहीच. आठातला एक ऐनवेळी शर्यतीतून बाद झाला तरी तिसरा नंबर गेला, म्हणून धावणारे किती उरले ते आधी मोजा. शिवाय तुम्ही भाव घेतल्यावर दुसरा एखादा घोडा बाद झाला तर 'रूल फोर' लागतो: बाद झालेला घोडा २/१ चा असेल तर जिंकलेल्या प्रत्येक पाउंडातून ३० पेन्स कापले जातात.

आपले शब्द यापुढे फिके आहेत असं मात्र कुणी म्हणू नये. लगवाडी म्हणजे पैज लावणं आणि खायवाडी म्हणजे समोरच्याची पैज अंगावर घेणं, दोन शब्दांत अख्खा बाजार आला. रुपयामागे ऐंशी-ब्याऐंशी पैसे भाव निघाला की ऐंशी पैशांनी लावायचं, ब्याऐंशीने खायचं. इंग्लंडमधल्या साध्या माणसाला दुसऱ्याची पैज अशी सहज 'खाता' यायला २००० साली बेटफेअर यावं लागलं, आणि तिथे त्याला नुसतं 'ले' म्हणतात. फिकं तर ते आहे.

पण आपल्याकडे हे शब्द छापून येतात ते धाडीच्या बातमीत. इथे १९६१ पासून बेटिंगची दुकानं भर रस्त्यावर आहेत, पावती मिळते, क्रेडिट कार्डावर पैसे लावायला २०२० पासून बंदी आहे. घरं इथेही बुडतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण भाव किती ठरला होता यावरून भांडण झालं तर दाखवायला कागद असतो.

बुकीपुढे बोलायचा क्रम ठरलेला: रक्कम, प्रकार, घोड्याचा नंबर. 'टेन पाउंड्स, विन, नंबर सेव्हन.' नाव घेत बसू नका, मागची रांग चिडते. तिकिटावर नंबर आणि भाव बरोबर आहे का ते तिथेच वाचा, आणि 'वेड इन' (जॉकींचं वजन तपासून निकाल पक्का झाला) अशी घोषणा होईपर्यंत तिकीट फाडू नका.