दहा बाय पाचचा तुकडा

सोयाबीनच्या पीक कापणी प्रयोगाचं, म्हणजे शेतातला ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजायच्या कामाचं, सगळं साहित्य एका पिशवीत मावतं. टेप, नायलॉनची दोरी, चार खुंट्या, वजनकाटा. ताडपत्री तेवढी मोटारसायकलला वेगळी बांधावी लागते. एरवी या कामाला बांधावर चार माणसं जमली तरी पुष्कळ. ज्याचं शेत तो, पोलीस पाटील, विमा कंपनीचा पोरगा आणि कृषी सहाय्यक म्हणून मी. २०२५ च्या खरिपात दसऱ्यानंतर मी मांजरा नदीकाठच्या त्या गावात पोचलो, तेव्हा शाळेसमोर अख्खा गाव उभा होता.

त्यांचं चुकत नव्हतं. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. कुणाच्याही जमिनीवर, अगदी सरकारी जमिनीवरसुद्धा, कुणीही विमा उतरवल्याच्या बोगस भानगडी बाहेर आल्या आणि २०२५ ला तो बंद झाला. शेतकऱ्याला खरिपाचा दोन टक्के हप्ता पुन्हा भरावा लागला. त्याची ओरड झाली ती वर्तमानपत्रांत आली. दुसरा बदल जास्त मोठा होता, त्याची चर्चा मात्र कमी झाली. पूर्वी शेतात पाणी साचलं, गारपीट झाली की ७२ तासांत तक्रार नोंदवायची, मग सर्वेक्षण होऊन त्या एकट्या शेतकऱ्यालाही भरपाई मिळायची. हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान, याही वाटा होत्या. राज्यानं त्या सगळ्या बंद केल्या आणि एकच ठेवली, पीक कापणी प्रयोगातून निघालेलं, अनेक गावं मिळून होणाऱ्या महसूल मंडळाचं सरासरी उत्पादन. त्यात सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीनं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. नदीकाठच्या काळ्या रानात शेंगा झाडावरच फुटून दाण्यांना कोंब आले होते. रानं तुडुंब, पाय टाकला की पोटरीपर्यंत आत.

प्रयोग कुठल्या शेतात घ्यायचा तो गट नंबर आम्ही गावात जाऊन ठरवत नाही. यादृच्छिक, म्हणजे कुणाच्याही मर्जीनं न निघणाऱ्या, क्रमांकाच्या तक्त्यावरून तो आधीच निघालेला असतो. त्या दिवशीचा गट नदीकाठचा नव्हता, वरच्या माळावरचा होता.

इथं थोडं जमिनीचं सांगतो. पाऊस बेताचा असतो त्या वर्षी भारी काळी जमीन ओल धरून ठेवते आणि माळावरचं मुरमाड रान ऑगस्टातच करपतं. अतिवृष्टीच्या वर्षी बरोबर उलटं होतं. मुरमातून पाणी निघून जातं, पीक तग धरतं, आणि लाखाची काळी जमीन चिखल होऊन बसते. म्हणजे त्या हंगामात गावातलं सगळ्यात बरं सोयाबीन सगळ्यात हलक्या रानात होतं आणि दोरी तिथंच पडणार होती.

गट नंबर वाचून दाखवल्याबरोबर गलका सुरू झाला. नदीकाठच्या शेतकऱ्यांतले एक तात्या सगळ्यांच्या पुढं होते. “साहेब, गावाचं वाटोळं खाली झालंय अन् तुमी वर निघालाव व्हय?” मी तक्ता दाखवला, सही दाखवली. तक्ता बघून कुणाचं समाधान होत नसतं, पण तो दाखवावाच लागतो.

शेत एका म्हाताऱ्या बाईचं. नवरा वारलेला, मुलगा पुण्यात. तिला सगळे आक्का म्हणतात, मीही आक्काच म्हणालो. आम्ही पोचायच्या आत कुणीतरी तिच्याकडं जाऊन आलं होतं. निवडलेल्या शेतातलं पीक आधीच काढून झालेलं असेल तर पर्यायी शेत घेता येतं, हा नियम गावाला माझ्याइतकाच पाठ आहे. तिला सांगितलं होतं, चार बाया लावून देतो, तासाभरात अर्धं रान मोकळं करतो, साहेबाला म्हणावं काढणी चालू झाली. आक्का बांधावर विळा घेऊन बसलेली होती, पण रान उभं होतं. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “माजं सोयाबीन मी माज्या सवडीनं काढीन. ह्यांनी सांगितलं म्हणून न्हाई.”

शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावरून मोजायला सुरुवात करायची असते. लांबीची आणि रुंदीची पावलं मोजायची, त्यावरून पुन्हा यादृच्छिक आकड्यांची जोडी घ्यायची आणि तितकी पावलं चालून जिथं पोचू तिथं पहिली खुंटी. लांबीला ३८, रुंदीला १२ अशी जोडी आली. मी पावलं टाकायला लागलो आणि मागून सगळी पोरंठोरं मोठ्यानं आकडे मोजायला लागली. अठ्ठाविसानंतर कुणीतरी मुद्दाम एकोणतिसाऐवजी एकतीस म्हटलं, हशा पिकला. मी थांबून परत कोपऱ्यावर गेलो आणि पहिल्यापासून मोजलं. दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

खुंटी रोवली ती जागा चांगली दाट होती. तिच्या डाव्या हाताला बऱ्याच अंतरावर एक खोलगट पट्टा होता, तिथं पाणी साचून पीक पिवळं पडलं होतं. सगळ्यांची नजर तिथं. “साहेब, दोरी जरा इकडं घ्या की. त्येबी तिचंच रान हाय.” हे म्हणणारा तरुण शिकलेला, सभ्य होता. भांडण करत नव्हता, सवलत मागत होता. मी नाही म्हणालो. दोरी दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद लावली. नुसत्या चार बाजू मोजून भागत नाही, चौकोन तिरका असला तर क्षेत्र कमी भरतं. म्हणून कर्ण मोजायचा, तो दोन्हीकडून ११ मीटर १८ सेंटिमीटर आला पाहिजे. पहिल्यांदा एक बाजू बोटभर जास्त आली. खुंटी हलवली. ती हलवताना तात्या गुडघ्यावर बसून टेपच बघत होते, आणि आकडा बरोबर आल्यावर त्यांनीच “आलं” असं म्हटलं.

विमा कंपनीचा प्रतिनिधी हंगामापुरता नेमलेला पोरगा होता. गावाचा राग त्याच्यावर जास्त. तो शांतपणे फोटो काढत होता, त्याला काही बोलायची गरजच नव्हती, जागा त्याच्या मनासारखी पडली होती. पण त्याच मंडळातल्या दुसऱ्या एका गावात खुंटी गुडघाभर पाण्यात आली होती, तेव्हा कंपनीकडूनच आलेला दुसरा एक जण मला म्हणाला होता, “इथं पीकच नाही सर, दुसरी जागा घेऊ या.” त्यालाही मी हेच उत्तर दिलं होतं. पीक बुडालं म्हणून जागा बदलता येत नाही आणि पीक चांगलं आहे म्हणूनही नाही. त्या गावात दाणे निघाले १ किलो ३०० ग्रॅम, चिखलासकट धुऊन, सुकवून.

कापणी आक्कानं आणि तिच्या जावेनं केली. दोरीवर जी झाडं येतात त्यांचा वाद नेहमीचा. ज्याचं बूड निम्म्याहून जास्त आत ते आत, बाकीचं बाहेर. एकेका झाडासाठी माणसं वाकून बघत होती. ताडपत्रीवर पसरून काठीनं बडवलं, सुपानं उफणलं, माती आणि खडे वेचले. तात्यांनी मातीचं एक ढेकूळ उचलून बाहेर टाकलं आणि मला दाखवून टाकलं.

काट्यावर आकडा आला ६ किलो १८० ग्रॅम.

पन्नास चौरस मीटरचा तुकडा आणि दहा हजार चौरस मीटरचं हेक्टर, म्हणजे दोनशेपट. ६ किलो १८० ग्रॅमचे झाले हेक्टरी १२ क्विंटल ३६ किलो. हा हिशोब मी बोलायच्या आत मागच्या पोरांनी मोबाइलवर करून टाकला होता. कुणीतरी मागून म्हणालं, “दाणा वला हाय. बाजारात वलाव्याची कपात करत्यात, मग हितं कुठं गेली कपात?” प्रश्न बिनतोड होता. वाळवणीच्या नमुन्यासाठी थोडे दाणे पिशवीत बांधून घेतले आणि तसं लिहून घेतलं.

तिथंच, ताडपत्रीवर बसून, मी त्यांना उंबरठा उत्पादनाचा, म्हणजे ज्याच्या खाली सरासरी गेली तरच भरपाई मिळते त्या आकड्याचा, हिशोब समजावला. समजा, मंडळाच्या गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १५ क्विंटल आहे. जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीचा विमा जेवढा हिस्सा धरतो तो, ७० टक्के, म्हणून उंबरठा साडेदहा क्विंटल. यंदाची सरासरी ८.४ क्विंटल निघाली तर तूट उंबरठ्याच्या २० टक्के, आणि विमा रकमेच्या २० टक्के भरपाई. उपग्रहाच्या अंदाजाचाही आता यात वाटा असतो, पण तो बाजूला ठेवू. आपल्या दहा बाय पाचच्या तुकड्यात साडेदहा क्विंटल म्हणजे ५ किलो २५० ग्रॅम, ८.४ क्विंटल म्हणजे ४ किलो २०० ग्रॅम. काही नाही आणि वीस टक्के, यांच्यात किलोभर सोयाबीनचं अंतर. आणि पंधराचे साडेदहा होईपर्यंत, म्हणजे ३० टक्के पीक जाईपर्यंत, विमा हलतच नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून बरेच जण गप्प झाले. हप्ता भरताना ते कुणी सांगितलेलं नसतं.

मग तो शिकलेला तरुण म्हणाला, “किलोभरच तर कमी लिहायचं होतं साहेब. कुणाचं काय गेलं असतं?”

मी त्याला सांगितलं ते माझं खरं मत आहे. आज तुझ्यासाठी दोरी सरकवली तर उद्या कंपनीसाठी सरकवणाऱ्याला मी काय तोंडानं अडवू? आणि दुसरं, हे आकडे तुझ्याच मंडळाच्या खात्यावर राहतात. सातातली दोन वाईट वर्षं गळतात, म्हणून एखादं खोटं वर्ष गळूनही जाईल. पण दर हंगामात हात मारत गेलात तर पाच वर्षांच्या सरासरीतच खोटे आकडे भरणार, उंबरठा खाली येणार, आणि खऱ्या दुष्काळात तुमचं उत्पादन त्या खालच्या उंबरठ्याच्याही वर दिसेल. त्याला ते पटलं की नाही ठाऊक नाही. त्यानं फॉर्मवर साक्षीदार म्हणून सही केली.

आक्काला वेगळीच काळजी. “माज्या रानामुळं गावाचा इमा बुडाला म्हणतील.” तिला म्हणालो, मंडळात असे निदान दहा प्रयोग होतात, तुमचा त्यातला एक. खालच्या गावात सव्वा किलो निघालंय, तेही त्यातच मिळणार. तिनं निघालेले दाणे पदरात भरून घेतले. प्रयोगाचा माल शेतकऱ्याचाच असतो.

ॲपवर फोटो आणि आकडे तिथल्या तिथं चढवायचे असतात. रेंज नव्हती. माळाच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ एक काडी यायची, तिथं जाऊन मी आणि कंपनीचा पोरगा उभे राहिलो. तो म्हणाला, त्याच्या घरचंही सोयाबीन पाण्यात गेलंय. त्याच्या मंडळात दोरी कुठं पडली ते त्यालाही माहीत नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच की भांडण दोरीशी नाही. दोरी नियमानं पडली तर ती कुणाची नसते. भांडण आहे ते मंडळ हे एकक धरण्याशी. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मुख्य पिकासाठी ग्रामपंचायत हे एकक धरलेलं आहे, तिथं गावाला किमान चार प्रयोग लागतात. आपल्याकडं कित्येक गावांचं मिळून एक मंडळ आणि त्यात माळ, काठ, बागायत, कोरडवाहू सगळं एका आकड्यात. गावाचं एकक केलं तरी तात्या आणि आक्का एकाच गावात आहेत, म्हणजे प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण निदान खालच्या चिखलातल्या गावाचा आकडा वरच्या कोरड्या गावात मिसळणार नाही. स्थानिक आपत्तीची वाट बंद केल्यावर हे करायलाच हवं होतं. आता गावागणिक चार प्रयोग करायचे तर माणसं कुठून आणायची? प्रत्येक पिकाची काढणी पंधरा-वीस दिवसांत उरकते आणि रिकाम्या पदांचा भार शेजारच्या सहाय्यकाच्या डोक्यावर असतो. ग्रामसेवक आणि तलाठ्यांकडंही हेच प्रयोग वाटून दिलेले असतात, त्यांचीही तीच रड.

चार-दोन दिवसांत सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि रब्बीच्या तयारीला वरती १०,०००, तीन हेक्टरपर्यंत. ते पंचनाम्यावर मिळतं, दोरीवर नाही, आणि पंचनामा गटागटाचा होतो, म्हणून नदीकाठच्यांना तिथं तरी न्याय होता. तात्यांच्या गटाचा पंचनामा माझ्याच याद्यांत होता. परत गेलो तेव्हा ते चिखलातून मला बांधाबांधानं घेऊन गेले, कुठं पाणी किती दिवस होतं ते दाखवलं आणि जाता जाता विचारलं, “आक्काच्या रानात परत कवा येणार दोरी? पुढच्या साली पाऊस कमी झाला तर तिथंच पडू द्या.”

पुढच्या वर्षीचा गट पुढच्या वर्षी निघेल, असं मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि यादीतल्या आपल्या नावापुढचं क्षेत्र बोटानं पुन्हा तपासून घेतलं, दोन गुंठे कमी लागले होते, ते मी तिथंच दुरुस्त केले.