लाईट गेली की सर्व्हर उठायचा नाही: प्रॉक्समॉक्स बसवतानाचा माझा अनुभव

सर्व्हर चालू होत नाही असा फोन आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: स्क्रीनवरची शेवटची ओळ वाचून दाखवा. बायोसला (मशीन सुरू होताच चालणारा पहिला प्रोग्राम) डिस्क सापडली नाही, बूटलोडरला (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नल (प्रणालीचा गाभा) सापडला नाही, कर्नलला रूट फाइल सिस्टीम (प्रणालीच्या मुख्य फाइलींची जागा) मिळाली नाही, ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा. आपल्याकडं मात्र तिन्हींवर सल्ला एकच मिळतो, ‘परत इन्स्टॉल करून टाका’. लातूरच्या बाजार समितीतल्या एका आडतीत प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच सर्व्हरमध्ये अनेक आभासी मशीन चालवणारी प्रणाली, बसवताना मला यातल्या दोन ठिकाणी अडायला झालं, आणि दोन्ही वेळा परत इन्स्टॉल करून काडीचाही फरक पडला नसता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यात मी कॉम्प्युटर आणि नेटवर्कची कामं करतो. या आडतीत दोन जुने पीसी होते. एकावर टॅली, दुसऱ्यावर शेतकऱ्यांची पट्टी काढायचं सॉफ्टवेअर: माल किती, भाव किती, हमाली-तोलाई किती, हातात किती. हे पट्टीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालायचं, ज्यानं लिहिलं तो माणूस आता या धंद्यात नाही, आणि त्या पीसीची हार्ड डिस्क आवाज करायला लागली होती. मालकांचं म्हणणं सरळ होतं. सोयाबीनची आवक सुरू व्हायच्या आत दोन्ही गोष्टी एका भरवशाच्या मशीनवर घ्या आणि रोज रात्री बॅकअप होऊ द्या.

त्यासाठी एक वापरलेला टॉवर सर्व्हर घेतला. दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी रॅम, पुढच्या बाजूला चार डिस्क आणि त्या ज्याला जोडल्यात ते वेगळं स्टोरेज कार्ड. आभासी मशीन चालवणारा हायपरव्हायझर म्हणून प्रॉक्समॉक्स व्हीई. ही प्रणाली डेबियन या लिनक्सवर उभी आहे, लिनक्समधली केव्हीएम ही आभासी मशीन चालवायची सोय वापरते, ओपन सोर्स आहे, व्हिएन्नाची एक कंपनी ती २००८ पासून काढते. सपोर्टचं सबस्क्रिप्शन न घेताही सगळ्या सोयी वापरता येतात, हे आमच्यासारख्या ठिकाणी फार मोलाचं आहे. डिस्कसाठी झेडएफएस (अनेक डिस्क स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टीम) निवडलं आणि कार्ड एचबीए मोडवर (डिस्क जशाच्या तशा पुढं देणारा मोड) ठेवलं, कारण झेडएफएसला मधे रेड कार्डाची कारभारगिरी नको असते, डिस्क थेट हातात लागतात.

इन्स्टॉलेशन सुरळीत झालं. चारही डिस्क दिसल्या, रेड १० (प्रत्येक गोष्ट दोन डिस्कवर लिहिणारी रचना) निवडलं, आयपी आणि पासवर्ड दिला, शेवटी मशीन रीबूट झालं. आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ: नो बूट डिव्हाइस अव्हेलेबल.

मुनीमजी मागेच उभे होते. ‘सर, आत्ताच तर चालू होतं की.’

त्यांचं बरोबर होतं, आणि खरा प्रश्नही तोच होता. दोन मिनिटांपूर्वी ज्या डिस्कवर अख्खी प्रणाली लिहिली गेली, त्या आता कुठं गेल्या? मी पेनड्राइव्ह परत लावला आणि इन्स्टॉलरच्या अॅडव्हान्स्ड पर्यायांमधून डीबग मोडमध्ये गेलो. तिथं शेल, म्हणजे कमांड लिहायची जागा, मिळतो. झेडएफएसचं मॉड्यूल लोड करून नुसतं ‘झेडपूल इम्पोर्ट’ एवढंच लिहिलं, पुढं नाव नाही. असं लिहिलं की ते काहीही इम्पोर्ट करत नाही, फक्त काय काय सापडलं त्याची यादी देतं. यादीत आरपूल (चारही डिस्क मिळून केलेला झेडएफएसचा साठा, म्हणजे पूल) होता, चारही डिस्क ऑनलाइन. म्हणजे इन्स्टॉलेशन जागेवर, डिस्क धडधाकट. अडलंय ते त्याच्या आधी, बायोसपाशी.

इथं समजून घ्यायची गोष्ट अशी की इन्स्टॉलर म्हणजे चालू लिनक्स. त्याच्याकडं या कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर असतो. बायोसकडं तो नसतो. कार्डावरच एक छोटा प्रोग्राम असतो, ऑप्शन रॉम, आणि बायोस त्याच्यामार्फत कार्डामागच्या डिस्क पाहतो. या सर्व्हरच्या बायोसमध्ये त्या स्लॉटचं ऑप्शन रॉम बंद करून ठेवलेलं होतं. आधीच्या मालकाकडं बूट दुसऱ्याच डिस्कवरून होत असेल आणि हे कार्ड फक्त डेटासाठी असेल, तर ते बंद ठेवण्यात गैर काही नाही, उलट चालू व्हायला वेळ कमी लागतो. मी ते सुरू केलं, यूईएफआयवर (बायोसची नवी पद्धत) ठेवलं, बूटच्या यादीत सगळ्यात वर बसलेली जुन्या प्रणालीची नोंद खाली सरकवली. पुढच्या वेळी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांचा साधा मेनू आला आणि प्रॉक्समॉक्स उभं राहिलं.

बायोसमध्ये होतोच, तर व्हर्च्युअलायझेशनचा पर्यायही तपासून घेतला. तो बंद असेल तर हायपरव्हायझर बूट होतं, पण आतलं एकही मशीन सुरू होत नाही.

मग दिवसभर सगळं छान चाललं. अपडेट टाकले, कितीतरी वेळा रीबूट केलं, प्रत्येक वेळी मशीन निमूट वर आलं. रात्री लाईट गेली. यूपीएसची बॅटरी होती तेवढी पुरली, मग सर्व्हर बंद. सकाळी शटर उघडून बटण दाबलं तर अर्ध्यातच थांबला. या वेळची शेवटची ओळ निराळी होती: कॅनॉट इम्पोर्ट आरपूल, नो सच पूल अव्हेलेबल. त्याखाली सूचना, पूल हातानं इम्पोर्ट करा आणि एक्झिट लिहा. आणि कंसात इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती प्रणाली) असं लिहून पुढं कर्सर लुकलुकतोय.

असा पूलच नाही, हे वाचून पोटात गोळा येतो. डेटा गेला असंच वाटतं. पण या ओळीचा अर्थ एवढाच, की त्या क्षणाला पूल सापडला नाही. मी तिथंच परत ‘झेडपूल इम्पोर्ट’ लिहिलं आणि यादी आली. आरपूल, ऑनलाइन, चारही डिस्क. ज्याला पूल नाही म्हणून मशीन थांबलं, तो पूल अर्ध्या मिनिटानं समोर हजर. मग ‘झेडपूल इम्पोर्ट -एन आरपूल’ (यातला एन कॅपिटल, म्हणजे इम्पोर्ट कर पण माउंट करू नकोस), नंतर ‘एक्झिट’, आणि बूट पुढं सरकलं.

मुनीमजींनी विचारलं, ‘झालं का सर? लोकं पट्टी मागायलेत.’ त्या दिवसापुरतं झालं होतं. पण रोज सकाळी मुनीमजींनी इंग्रजी कमांड लिहून आडत उघडायची, हे मला पटणारं नव्हतं. संध्याकाळी सौदे उरकल्यावर परत बसलो.

आता कोडं असं. कर्नल आणि इनिटरॅमएफएस या दोन्ही फाइली त्याच चार डिस्कपैकी एकीवरच्या छोट्या ईएफआय विभाजनातून (बूटच्या फाइलींसाठी राखलेला भाग) वाचल्या गेल्या होत्या. त्याशिवाय स्क्रीनवर ती ओळ आलीच नसती. मग त्याच डिस्कवरून आलेला कर्नल डिस्क नाही असं कसं म्हणतो? उत्तर पुन्हा तेच, जे मला या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बूटच्या प्रत्येक टप्प्यावर डिस्क नव्यानं शोधली जाते. बायोसनं ऑप्शन रॉमच्या डोळ्यांनी पाहिलेली डिस्क कर्नलला वारशानं मिळत नाही. कर्नल स्वतःचा ड्रायव्हर लोड करतो, कार्ड रीसेट करतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

मशीन पूर्ण बंद केलं, थोडा वेळ थांबून बटण दाबलं आणि स्क्रीनऐवजी डिस्कच्या हिरव्या दिव्यांकडं पाहत बसलो. चारही डिस्क एकदम फिरायला लागत नाहीत. सुरुवातीला मोटर जास्त करंट ओढते, म्हणून कार्ड त्यांना एकामागून एक फिरवतं. स्क्रीनवर पूल नसल्याची ओळ उमटली तेव्हा चौथा दिवा अजून लुकलुकत होता. बूट झाल्यावर कर्नलचा लॉग डीमेसेजनं काढला, तिथंही तेच. पूल शोधायचा प्रयत्न आधी, चारही डिस्कची नोंद त्यानंतर काही सेकंदांनी. दिवसभरच्या रीबूटमध्ये हे का घडलं नाही तेही उलगडलं. रीबूटमध्ये वीज जात नाही, डिस्क फिरतच असतात, कार्डाची मोजणी पटकन उरकते. थंड मशीन सुरू केलं तरच उशीर होतो. लाईट रोज जाते अशा गावात हाच फरक कळीचा.

इलाज एका शब्दाचा आहे: रूटडिले. कर्नलला सांगायचं की रूट शोधायच्या आधी इतके सेकंद थांब. पण तो शब्द कुठं लिहायचा, यात भलेभले गोंधळतात, कारण बहुतेक ठिकाणी ग्रब या बूटलोडरची फाइल बदला असं सांगितलेलं असतं. झेडएफएसवर बसवलेलं प्रॉक्समॉक्स यूईएफआयवरून आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) बंद ठेवून चालत असेल, तर तिथं ग्रब नसतोच, सिस्टमडी-बूट हा दुसरा बूटलोडर असतो. ग्रबची फाइल डिस्कवर असू शकते, तुम्ही ती बदलाल, आदेशही विनातक्रार चालेल, आणि बूटवर परिणाम शून्य. ओळखायची सोपी खूण म्हणजे सुरुवातीचा मेनू. निळी चौकट आली तर ग्रब, पांढऱ्यावर काळी अक्षरं आली तर सिस्टमडी-बूट.

माझ्याकडं दुसरा प्रकार होता. आधी मेनूवर ‘ई’ दाबून त्या बूटपुरतं ओळीच्या शेवटी रूटडिले=१० जोडून पाहिलं. थंड मशीन सुरळीत उठलं. मग ईटीसीमधल्या कर्नल फोल्डरात सीएमडीलाइन नावाची फाइल आहे, तिच्यात हाच मजकूर कायमचा घातला. ही अख्खी फाइल एकाच ओळीची असावी लागते, नवी ओळ सुरू करायची नाही. त्यानंतर ‘प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश’. हा आदेश विसरला तर बदल फाइलमध्येच राहतो, ईएफआय विभाजनांपर्यंत पोचत नाही. दहा सेकंद पुरत होते, तरी मी वीस ठेवले. पुढं उन्हाळ्यात किंवा डिस्क जुन्या झाल्यावर आणखी वेळ लागला तर हाताशी सवड असावी. सकाळी दहा सेकंद जास्त गेल्यानं आडतीचं काही अडत नाही.

याच टूलचं आणखी एक काम सांगून ठेवतो, कारण ते कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. झेडएफएसमध्ये डिस्क बदलली की डेटा नव्या डिस्कवर आपोआप भरला जातो, पण ईएफआय विभाजन भरलं जात नाही, ते झेडएफएसच्या बाहेर असतं. नव्या डिस्कवर आधी जुनीसारखी विभाजनं करावी लागतात, मग प्रॉक्समॉक्स-बूट-टूलनं त्यातलं दुसरं विभाजन फॉरमॅट आणि इनिट करावं लागतं. हे केलं नाही तर पूल हिरवागार दिसत राहतो, आणि एक दिवस ईएफआय विभाजन भरलेली शेवटची डिस्क गेल्यावर मशीन बूटच होत नाही. मी एकेक डिस्क काढून बूट करून पाहिलं, मगच विश्वास ठेवला.

पट्टीचं विंडोज ७ मशीन आत आणतानाही त्याच गोष्टीनं अडवलं. जुन्या पीसीची डिस्क मायक्रोसॉफ्टच्या डिस्कटूव्हीएचडी या साधनानं फाइलमध्ये घेतली आणि प्रॉक्समॉक्समध्ये इम्पोर्ट केली. वेग चांगला म्हणून व्हर्टआयओ (खास आभासी मशीनसाठी बनवलेला प्रकार) डिस्क जोडली, तर निळा स्क्रीन, ७बी चा एरर. विंडोजचा बूटलोडर सापडतो, विंडोज सुरूही होतं, पण व्हर्टआयओचा ड्रायव्हर त्याच्याकडं नसल्यानं पुढं स्वतःची डिस्क दिसत नाही. तीच डिस्क साटा म्हणून जोडली की विंडोज उघडतं. मग व्हर्टआयओवर एक लहानशी रिकामी डिस्क जास्तीची जोडायची, आत ड्रायव्हर बसवायचा, मशीन बंद करून मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्यायची. विंडोज ७ साठी ड्रायव्हरची जुनी आयएसओ लागते, आणि जुनं विंडोज लेगसी पद्धतीनं बसवलेलं असेल तर आभासी मशीनचं बायोस सीबायोसच (प्रॉक्समॉक्समधलं जुन्या पद्धतीचं बायोस) ठेवायचं.

शेवटी यूपीएस. त्याची यूएसबी केबल सर्व्हरला लावून एनयूटी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं, म्हणजे बॅटरी उतरत आली की आधी आतली मशीन आणि मग प्रॉक्समॉक्स नीट बंद होतं. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं, तेही थोडं थांबून, असं ठेवलं, कारण आमच्याकडं लाईट आली म्हणता म्हणता परत जाते. आतल्या मशीनलाही क्रम दिला, आधी टॅली, मग पट्टी. मालकांसमोर मेन स्विच पाडला, बॅटरी संपू दिली आणि स्विच परत वर केला. कुणी कीबोर्डला हात न लावता पट्टीचा प्रोग्राम उघडला तेव्हा मालक म्हणाले, ‘आता सोयाबीन येऊ द्या.’

कार्डाचं फर्मवेअर जुनं आहे, ते बदलायचं राहिलंय. त्यानं मोजणीचा वेळ कमी होईल असं मला वाटतं, पण भर आवकेत स्टोरेज कार्डाला हात लावायचा नाही. दिवाळीनंतर गर्दी ओसरली की बॅकअप दुसरीकडं उतरवून घेऊन ते काम करणार आहे, आणि त्यानंतर रूटडिले वीसवरून खाली आणता येतो का ते थंड मशीनवरच तपासणार आहे.