मुलांच्या संगीतवर्गाची फ्रँचायझी विकताना

गिऱ्हाईक शोधण्याआधी करारातलं हस्तांतराचं कलम वाचा. मूळ कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विक्री बहुधा होतच नाही. हस्तांतर शुल्क कोण भरणार, नव्या मालकाला प्रशिक्षण सक्तीचं आहे का, विकत घेण्याचा पहिला हक्क कंपनीचा आहे का, हे पाहा. मुदतही मोजा, कराराचं एकच वर्ष उरलं असेल तर नूतनीकरणाच्या खात्रीशिवाय चांगला भाव येत नाही.

किंमत ठरवताना हमखास होणारी चूक म्हणजे स्वतःच्या शिकवण्याचा पगार नफ्यात धरणं. आठवड्याला 10 वर्ग तुम्हीच घेत असाल, तर तेवढ्या तासांचं शिक्षकाचं मानधन आधी वजा करा. उरेल तो खरा नफा. (आकडा टोचतो, पण खरेदीदाराचा हिशेबनीस तो काढणारच.)

आगाऊ फीवरून तर हटकून वाद होतो. सत्र 12 आठवड्यांचं, 5 झाले, तर उरलेल्या 7 आठवड्यांची फी तुमची कमाई नाही. ती नव्या मालकाला द्या किंवा किमतीतून वळती करा. त्यापेक्षा ताबा दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत द्यावा.

खुळखुळे, डफल्या, झायलोफोन मोजून यादी जोडा, तडे गेलेले आधीच काढा. हॉलचा भाडेकरार आपोआप नव्या नावावर होत नाही, हॉलच्या मालकाशी वेळेत बोला.

पालक ब्रँडपेक्षा ताईंना ओळखतात. म्हणून शिक्षिका टिकणार का, हे सह्यांपूर्वीच पक्कं करा.