११ जानेवारीला तेनझिंगच्या फोटोला हार का?

आमच्या नौपाड्यातल्या घरी हॉलमधे तेनझिंगचा एव्हरेस्टवरचा फोटो आहे, तोच सगळ्यांनी पाहिलेला, आईस अ‍ॅक्स उंच धरलीय आणि तिला झेंडे बांधलेत. दर ११ जानेवारीला मी जांभळी नाक्यावरून हार आणून त्याला घालतो आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, अहो तेनझिंग तर ९ मेला गेले ना, १९८६ साली, मग आज कसला हार? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, हार फोटो काढणाऱ्याला आहे. एडमंड हिलरी ११ जानेवारी २००८ ला ऑकलंडला गेले, ८८ वर्षांचे होते.

२९ मे १९५३ ला हे दोघं सगळ्यात आधी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले तेव्हा कॅमेरा हिलरींकडे होता. त्यांनी तेनझिंगचा फोटो काढला, स्वतःचा काढून घेतलाच नाही, त्यामुळे माथ्यावर उभे असलेले हिलरी कुठेच बघायला मिळत नाहीत. त्याच्या महिनाभर आधी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबूच्या हिमप्रपातात ते बर्फाच्या भेगेत पडले होते आणि तेनझिंगनी दोर आवळून धरला म्हणून वाचले. ज्यांनी कधी कड्यावर कुणाला बिले दिलाय, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळलाय, त्यांना कळेल, दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते माणूस जन्मभर विसरत नाही.

हिलरी तर खरंच विसरले नाहीत. मधमाश्या पाळणारा माणूस, एका दिवसात जगभर नाव झालं, पुढे १९५८ मधे ट्रॅक्टर घेऊन दक्षिण ध्रुवावरही पोचले, पण मला ते खुमजुंगमधे, एव्हरेस्टजवळच्या शेर्पांच्या गावात, जास्त दिसतात. शेर्पांनी मुलांसाठी शाळा मागितली आणि १९६१ मधे ती उभी राहिली. मग १९६४ मधे लुक्लाची धावपट्टी, तिथली माती दाबायला रोलर नव्हता तर शेर्पांना छांग, म्हणजे त्यांची घरगुती दारू, पाजून हातात हात घालून तिच्यावर नाचायला लावलं! १९६६ मधे खुंदेला हॉस्पिटल. आणि १९७५ मधे फापलूला दुसरं हॉस्पिटल बांधत असताना त्यांच्याकडे यायला निघालेली बायको लुईस आणि १६ वर्षांची बेलिंडा, दोघी काठमांडूहून उडालेल्या विमानाच्या अपघातात गेल्या. हे लिहितानाही गलबलतं हो. माणूस पार मोडून गेला होता, तरी ते हॉस्पिटल पुरं झालं.

हिलरी गेल्याची बातमी टीव्हीवर पाहिली तो शुक्रवार होता. रविवारी आमचा माहुली किल्ल्याचा ट्रेक ठरलेला, पहाटेची कसारा लोकल, आसनगावला उतरून पुढे चालत, नेहमीसारखं. आमचा वाटाड्या कितीतरी वर्षं तोच होता, एकदा आमच्यातल्या एकाचा पाय मुरगळला तर त्याने त्याला पाठीवर घेऊन शिडीपासून खाली आणलेलं. आणि त्या रविवारी चढताना माझ्या लक्षात आलं की याची मुलं किती, शाळेत जातात का, पावसाळ्यात कशी जातात, मी कधी विचारलेलंच नाही, फक्त पैसे दिले आणि भाऊ म्हटलं. त्या दिवशी विचारलं. मोठी मुलगी सातवीनंतर घरी बसली होती, शाळा लांब म्हणून. तिला आम्ही ग्रुपमधून सायकल घेऊन दिली, वह्यापुस्तकांचं बघितलं, ती दहावी झाली, बारावी झाली. हिलरींच्या मानाने हे काहीच नाही, पण त्यांच्यामुळेच झालं एवढं मला नक्की माहितीये.

शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, मग हिलरींचाच फोटो लाव ना. शिखरावरचा त्यांचा फोटो नाही काकू, आणि दुसरा कुठला मला लावायचा नाहीये.